तगड्या संघाशी सामना



आपल्या कॉलेजच्या मुलांनी कोल्हापूरच्या तगड्या संघाशी फुटबॉल खेळायला जावे काय, असे एका पालकांनी मला विचारले. "सर, सात-आठ गोल खाऊन यायचे, त्यासाठी एस.टी.चे भाडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. गारगोटीहून कोल्हापूर सुमारे 50 किलोमीटर. आणि तिथली पोरे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे सामने पाहतच वाढलेली.

पण कलकत्त्याचे एक उदाहरण ऐका. मोहमेडन स्पोर्टिंग हा क्लब 1933 पर्यंत तिथल्या लीगच्या दुसऱ्या विभागात होता. 1934 साली तो वर चढला. समोर गोऱ्या पलटणी. आधीची तीन वर्षे अजिंक्यपद डरहॅम लाइट इन्फंट्रीकडे. या नवख्यांनी पहिल्याच वर्षी लीग जिंकली आणि 1938 पर्यंत सलग पाच वर्षे हातची सोडली नाही. तोवर एकाही हिंदी संघाला ती मिळाली नव्हती.

हे नुसत्या जिद्दीने झाले असे समजू नका. क्लबने बाहेरगावचे चांगले खेळाडू हेरून आणले. बहुतेक हिंदी खेळाडू अनवाणी खेळत, तेव्हा यांनी ओल्या मैदानावर बूट चढवले. चिखलात कोणाचा पाय टिकतो, हे त्यांनी पाहिले होते.

असे पाहणे घरी बसून होत नाही. मुलगा हरून आला तर गोल किती झाले ते विचारू नका. ते गावभर कळतेच. त्यांचा बॅक कुठे उभा राहत होता, ते विचारा. आणि भाड्याचे म्हणाल, तर पहिल्या खेपेचे मी देतो.