गृहनिर्माण संस्थेतील असहकारी सदस्य



मला दिलेला विषय रुक्ष आहे. मी बँकेत कारकून, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर, वकील नव्हे. परंतु गृहनिर्माण संस्थांची भांडणे शेवटी कोठे येऊन थडकतात असे विचाराल, तर ती आमच्या काउंटरवर. सकाळी सचिव पत्र आणतात की, खजिनदाराच्या सहीचा चेक वटवू नका. दुपारी खजिनदार येतात, सचिवाला काढून टाकल्याचे सांगतात. दोघांकडेही ठरावाची प्रत असते! अशा वेळी वाद मिटेपर्यंत बँक खात्याचे व्यवहार थांबवते. मग रखवालदाराचा पगार अडतो, पाण्याच्या पंपाचे वीजबिल थकते. भांडण दोघांचे आणि कोरडे नळ सगळ्यांचे.

हे इतरांचे पाहत असतानाच मी स्वतः आमच्या संस्थेचा सचिव झालो आणि आमचे खजिनदार चेकवर सही करीनात. पंप जळालेला, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बायका कळशा घेऊन जिने चढताहेत आणि हे गृहस्थ "बघू" एवढेच म्हणत. मी काय केले? सगळे करतात तेच. जिन्यात, गच्चीवर, गेटपाशी त्यांच्याविषयी बोललो; त्यांच्याशी मात्र बोललो नाही.

कायद्यात उपाय आहेत आणि ते प्रत्येक सभासदाला माहीत हवेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहता येतात. कलम 76 नुसार एक पंचमांश सभासद विशेष सर्वसाधारण सभेची मागणी करू शकतात. पदाधिकाऱ्यावर अविश्वास ठराव आणता येतो. रजा न घेता लागोपाठ तीन मासिक बैठकांना गैरहजर राहणाऱ्याचे समिती सदस्यत्व आदर्श उपविधींप्रमाणे जाते. कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येते. पण तेथे तारखा पडतात आणि तारखेहून परत यायचे ते एकाच जिन्याने.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले होते की, सभेचे नियम या देशाला नवे नाहीत. ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे भिक्खू संघात होते. विनयपिटकात तंटे शमवण्याच्या सात रीती आहेत. त्यांतली पहिली संमुखाविनय. ज्याच्याशी वाद आहे त्याच्या समक्ष निकाल करायचा, पाठीमागे नाही. बहुमताने निकाल करण्याची येभुय्यसिका ही रीतही त्यांत आहे, पण समोरासमोर बसणे सर्वांआधी. हे मला पाठ होते, जिन्यात मात्र आठवले नाही.

अखेर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. "काका, तुमची अडचण काय आहे?" एवढेच विचारले. बराच वेळ ते गप्प होते. मग सांगितले. मागच्या समितीच्या काळात रंगकामासाठी त्यांनी विश्वासाने कोऱ्या चेकवर सह्या दिल्या होत्या. पुढे बिले जुळली नाहीत, तेव्हा सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवले. एकानेही तोंड उघडले नाही. गप्प बसलेल्यांत मीही होतो.

समितीच्या निर्णयांची जबाबदारी सर्व सदस्यांवर संयुक्तपणे असते, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होते. तेव्हा आम्ही ठरवले: प्रत्येक कामासाठी तीन दरपत्रके, चेकसोबत मूळ बिल, आणि त्यांचा आक्षेप इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत. पंपाच्या चेकवर त्याच आठवड्यात सही झाली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला त्यांचा विरोध होता. तो नोंदवला, मत घेतले, ते हरले आणि त्याही चेकवर सही केली. एका बिलातली चूक तर त्यांनीच पकडली.

सगळे असेच जुळले असे नाही. समितीतले दुसरे एक सदस्य बैठकांना येतच नसत. घरी गेलो तर दार उघडले नाही. लेखी सूचना दिल्या, पोच घेतली, आणि उपविधींप्रमाणे त्यांची जागा रिक्त झाली. ते आजही जिन्यात भेटले की मान वळवतात. देखभाल खर्च मात्र दर महिन्याला वेळेवर भरतात.