सायकलबंदीचे अर्थशास्त्र
(अभ्यासवर्गातील भाषण)



शहराच्या मध्यवस्तीत सायकलींना मज्जाव करावा की नाही, हा प्रश्न वरकरणी वाहतूक पोलिसांचा वाटतो. वस्तुतः सार्वजनिक जागेची वाटणी कोणी व कोणासाठी करायची, हा वर्गीय प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

न्यूयॉर्कचे उदाहरण उद्बोधक आहे. १९८० साली महापौर एड कॉच चीनमधील सायकलींचा महापूर पाहून आले आणि त्यांनी मॅनहॅटनमध्ये सायकलींसाठी संरक्षित मार्ग बांधले. ओरड होताच काही आठवड्यांत ते उखडण्यात आले. याच महापौरांनी जुलै १९८७ मध्ये फिफ्थ, मॅडिसन व पार्क या अव्हेन्यूंवर, ३१व्या ते ५९व्या रस्त्यादरम्यान, कामाच्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार सायकलबंदी जाहीर केली. कारण दिले पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे.

पादचाऱ्यांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. भरधाव सायकलींनी माणसे जखमी होत होती. परंतु हे सायकलस्वार कोण होते? कचेऱ्या-कचेऱ्यांतून कागदपत्रे पोहोचविणारे कामगार. त्यांना मजुरी मिळे ती दर खेपेमागे. खेपा वाढल्या तरच पोट भरणार. मग सिग्नल कोण पाळणार? वेगाचे मूळ उक्त्या मजुरीत होते. बंदीने मात्र मालकाला हात न लावता मजुराला रस्त्यावरून हाकलले.

कामगार शेकड्यांनी एकत्र आले आणि संबंध रस्ता व्यापून संथपणे सायकली चालवीत त्यांनी निषेध नोंदविला. प्रकरण न्यायालयात गेले. नियमाची रीतसर पूर्वसूचना प्रसिद्ध झाली नव्हती, या कारणावरून बंदी टिकली नाही. विजय मिळाला खरा. पण तो कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर, उपजीविकेच्या हक्कावर नव्हे.

आपल्याकडे कोलकात्याने हीच वाट धरली. तेथील निर्बंधांची सुरुवात डाव्या आघाडीच्या राजवटीतच झाली, हे डाव्या विचारांच्या मंडळींनी विसरू नये. सत्तांतरानंतर, २०१३ मध्ये, बंदी १७४ रस्त्यांवर लागू झाली. विरोधानंतर ती ६२ रस्त्यांपुरती उरली. झळ बसली ती दूधवाले, वृत्तपत्रविक्रेते, फेरीवाले आणि लहानसहान कारागीर यांना. विसंगती अशी की, त्याच राज्याने २०१५ पासून ‘सबुज साथी’ योजनेखाली शाळकरी मुलांना मोफत सायकली वाटल्या. गावात सायकल हे प्रगतीचे साधन आणि राजधानीत अडथळा! वाहनांपेक्षा माणसांच्या दळणवळणाला महत्त्व द्यावे, असे केंद्राचे २००६ चे नागरी परिवहन धोरण सांगते. एक मोटार उभी करण्यास लागणाऱ्या जागेत कितीतरी सायकली मावतात. तरीही गर्दीचा दोष सायकलीच्या माथी मारला जातो, कारण मोटारवाल्याचा आवाज सचिवालयात पोहोचतो, दूधवाल्याचा पोहोचत नाही.

नियम नकोत, असा याचा अर्थ नाही. पदपथ हा पायी चालणाऱ्याचाच. म्हाताऱ्या माणसाला तेथे जीव मुठीत धरून चालावे लागता कामा नये. म्हणूनच मागणी नेमकी हवी. बंदीऐवजी सायकलींना स्वतंत्र मार्ग द्यावा, नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करून कष्टकऱ्यांचे म्हणणे ऐकावे, आणि घाईला भाग पाडणाऱ्या मजुरीपद्धतीची जबाबदारी मालकावर टाकावी. आज मिनिटांच्या हिशेबाने घरपोच माल देणारी तरुण मुले शहरोशहरी त्याच उक्त्या मजुरीवर धावत आहेत. त्यांना दंडाची पावती देणे सोपे आहे. त्यांना संघटित करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.