नवा प्लेअर, जुने कान

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला सांगितलं होतं, ‘काका, पंधरा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या.’ माझी आवड सगळ्या सोसायटीला माहीत आहे, कारण सुरुवातीची काही वर्षं ती तुम्ही सगळ्यांनी भिंतीपलीकडून सक्तीने ऐकली आहे. रात्री अकरा वाजता माझ्या टू-इन-वनवरच्या ख्यालाबद्दल कमिटीकडे लेखी तक्रार आली होती. ती फाइलमध्ये अजून असेल. तक्रार करणारे शेजारी आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि आता माझे मित्र आहेत.

तर विषय असा : तीन वर्षांपूर्वी मी पस्तीस हजार रुपयांचा एक खिशात मावणारा ‘हाय-रेझोल्यूशन’ म्युझिक प्लेअर घेतला. घ्यावा की घेऊ नये, असं मला बरेच जण विचारतात. आयुष्यभर कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले. या अर्जावरही मारतो. आधी जमा बाजू, मग नावे बाजू.

मुळात मी तो का घेतला? मला दोनेक वर्षं असं वाटत होतं की गाण्यातला प्राण गेला आहे. रमणबागेत सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर बसून ऐकलेला तंबोरा माझ्या कानात पक्का आहे. तीच जवारी मोबाइलवर ऐकताना लागेना. सगळं कसं पांघरुणाखालून आल्यासारखं. मी ठरवलं, दोष मोबाइलचा. नातू इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला, ‘आजोबा, हाय-रेझ प्लेअर घ्या.’ मी एक एफडी मुदतीआधी मोडली. बँकेतल्या माणसाने मुदतीआधी एफडी मोडावी, यावरून माझी तळमळ लक्षात घ्या.

आता हाय-रेझ म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. डिजिटल ध्वनिमुद्रण म्हणजे एका अर्थी पासबुक. आवाजाची पातळी सेकंदाला कितीतरी वेळा मोजून तिची नोंद करायची. १९८२ साली आलेल्या सीडीमध्ये सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात. हाय-रेझमध्ये ९६,००० किंवा १,९२,००० होतात. दुसरा भाग नोंद किती बारीक करायची, रुपयात की पैशात. सीडीची नोंद १६ बिटची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. हाय-रेझची २४ बिटची, म्हणजे पायऱ्या १ कोटी ६७ लाखांच्या वर. आकडे बघितले की कोणीही म्हणेल, केवढा फरक! मीही म्हणालो.

जमा बाजू सांगतो, ती लहान नाही. पहिलं म्हणजे, या यंत्राला फोन येत नाही. विलंबित ख्यालात समेवर यायच्या क्षणी ‘तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालं आहे’ असं कोणी सांगत नाही. दुसरं, गाणी माझी असतात. ऑनलाइन सेवांवर आज असलेलं रेकॉर्डिंग उद्या गायब होऊ शकतं, आणि वर्गणी थांबली की सगळंच थांबतं. इथे कार्डावर भरलं की आपलं. तिसरं, हेडफोनची वायर लावायला भोक आहे, जे हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमधून नाहीसं झालं. आवाज कमी-जास्त करायला खरं बटण आहे. आपल्या वयाच्या बोटांना त्याचं महत्त्व कळतं.

आणि आवाज? आवाज निश्चित चांगला होता. पहिल्या रात्री किशोरीताई ऐकताना मी उठून दिवा बंद केला आणि दोन तास हललो नाही. त्या दोन तासांचे पैसे वसूल झाले, असं मी आजही म्हणतो.

आता नावे बाजू.

नातवाला माझा उत्साह बघवेना. त्याने परीक्षा घेतली. एकच रेकॉर्डिंग तीन प्रकारांत : जुनं १२८ केबीपीएसचं एमपीथ्री, सीडीच्या दर्जाचं आणि हाय-रेझ. आवाजाची पातळी सारखी ठेवली, मी डोळे मिटले, त्याने चिठ्ठ्या काढून क्रम ठरवला. एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक मी दहापैकी नऊ वेळा ओळखला. तंबोरा पाण्यातून वाजल्यासारखा लागला की ते एमपीथ्री. पण सीडी आणि हाय-रेझ? दहापैकी पाच. म्हणजे छापा-काटा. पस्तीस हजारांचा छापा-काटा!

मी वाचायला घेतलं तेव्हा समजलं की यात लाजण्यासारखं काही नाही. माणसाचं कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतं, तेही तरुणपणी. सेकंदाला जितक्या नोंदी, त्याच्या निम्म्या हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पूर्ण परत मिळतो, असं शास्त्र सांगतं. म्हणजे सीडीच्या ४४,१०० नोंदींत २२,००० हर्ट्‌झपर्यंतचं सगळं आलंच. २००७ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये मेयर आणि मोरन यांनी हीच परीक्षा मोठ्या प्रमाणावर घेतली. ५५४ वेळा ऐकवलं, बरोबर उत्तरं २७६. म्हणजे निम्मीच. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि सराव केलेल्यांचं त्याहून बरं. म्हणजे फरक अगदीच नाही असं नाही; पण तो पैशातला आहे, रुपयातला नाही.

मग पहिल्या रात्री मला इतकं चांगलं का वाटलं? कारण त्याच्याबरोबर मी चांगले हेडफोनही घेतले होते, आणि मोबाइलवरच्या जुन्या एमपीथ्री सोडून मूळ सीडीवरून नीट भरलेली गाणी ऐकत होतो. फरक बहुतेक त्यांचा होता.

आणखी किरकोळ नोंदी. हाय-रेझ फाइल जागा फार खाते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झचं एक तासाचं गाणं न दाबता सुमारे दोन जीबी होतं; सीडीच्या दर्जाचं साधारण साडेसहाशे एमबी. फ्लॅक नावाच्या प्रकारात दर्जा न घालवता दोन्ही बरीच लहान होतात, तरी प्रमाण तेच राहतं. ब्लूटूथचे बिनवायरचे हेडफोन लावलेत तर आवाज वाटेत दाबला जातो, मग हाय-रेझचा उपयोग काय? जुन्या कॅसेटी मोठ्या हौसेने २४ बिटमध्ये उतरवल्या, तर टेपची खरखर तेवढी जास्त प्रामाणिकपणे ऐकू आली. जे मुळात नाही ते नंतर येत नाही. जामीनदार कितीही मोठा असला तरी कर्जदाराची पत वाढत नाही, तसंच. बॅटरी आतच बसवलेली. तीन वर्षांत ती निम्म्यावर आली आहे.

इथपर्यंत गमतीचा भाग झाला. आता जे सांगतो ते सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. हिला विचारलं. ही म्हणाली, ‘सांगा, निदान दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.’

दोन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ. मी हॉलमध्ये खुर्चीत बसून, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून गाणं ऐकत होतो. ही बाथरूममध्ये पाय घसरून पडली. मनगट मोडलं होतं आणि तिला उठता येत नव्हतं. ती मला हाका मारत होती. मी तिच्यापासून पंधरा फुटांवर होतो.

तिची हाक ऐकली दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी, त्यांच्या बाथरूममध्ये, डक्टमधून. त्या धावत वर आल्या. बेल वाजवली, दार बडवलं, मला फोन केला. फोन आत चार्जिंगला होता. आमची एक चावी त्यांच्याकडे असते. शेवटी त्यांनी दार उघडलं तेव्हा मी डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसलो होतो. त्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकलो आणि, मला आजही लाज वाटते, आधी मला त्यांचा रागच आला.

वीस-पंचवीस मिनिटं ही एकटी त्या फरशीवर होती. वहिनींनी आणि मी तिला उठवून बसवलं, तेव्हा ती मला एकच वाक्य बोलली : ‘संपलं का गाणं?’

हात दीड महिना प्लास्टरमध्ये होता. पोळ्या मी लाटल्या. नकाशे लाटले म्हणा. पण ते वाक्य प्लास्टरबरोबर निघालं नाही.

हिच्या हाताच्या तपासण्या चालू असताना मुलीने मलाही धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचं म्हणणं, हेडफोन होते हे खरं, पण बाबा, तुम्हाला एरवीही हाक मारली तर कुठे ऐकू येतं? ऑडिओमेट्री झाली. डॉक्टरांनी आलेख दाखवला. २,००० हर्ट्‌झपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ, आणि पुढे कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. वयाने कान आधी वरचे सूर सोडतो. स, श, फ, थ ही अक्षरं तिथेच असतात, म्हणून माणसांचं बोलणं पुसट वाटतं. आणि जवारीचे वरचे स्वर तिथेच असतात, म्हणून तंबोरा पुसट वाटतो.

मंडळी, गाण्यातला प्राण गेला नव्हता. मोबाइलचाही दोष नव्हता. पांघरूण माझ्या कानावर होतं, आणि ते काढायला मी २४ बिटचा प्लेअर आणला होता! ही चार वर्षं म्हणत होती, ‘टीव्ही केवढ्याने लावता.’ मी म्हणत होतो, ‘तू हळू बोलतेस.’ कर्जदाराची कागदपत्रं चाळीस वर्षं बारकाईने तपासली, पण स्वतःची तपासायचं सुचलं नाही.

त्यात भर म्हणजे ऐकू येत नाही म्हणून मी हेडफोनचा आवाज वाढवत नेला होता. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की, ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. तोच ९० डेसिबल झाला तर आठवड्याला फक्त चार तास. हे आकडे तरुणांनी जास्त लक्षात ठेवावेत. आमचं जे जायचं ते गेलं, तुमचं अजून शिल्लक आहे.

आता मी दोन्ही कानांत यंत्रं वापरतो. सुरुवातीला पिशवीचा आवाजही तोफेसारखा वाटतो, महिनाभर चिकाटी लागते. त्यावरून मोठे हेडफोन लावले तर कधी कधी शिट्टी वाजते, म्हणून प्लेअर वायरने एका छोट्या स्पीकरला जोडला आहे. आवाज बेताचा, साडेनऊनंतर बंद. पहिल्या रांगेतल्या मित्रांनी याची नोंद घ्यावी. हीसुद्धा शेजारी बसून ऐकते. पूर्वी मी एकटा ऐकायचो, तेव्हा तिला कधी ‘ये, बस’ म्हटलं नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तर अर्जावरचा माझा शेरा. घरात मूळ सीड्या असतील किंवा चांगली रेकॉर्डिंग विकत घ्यायची तयारी असेल, रोज तासभर शांत बसून ऐकायची सवय असेल आणि पैसे बाजूला असतील, तर जरूर घ्या. वस्तू सुखाची आहे. यूट्यूबवरचीच गाणी ऐकणार असाल तर घेऊ नका. आधी हेडफोनवर खर्च करा. मोबाइलला लावायचं डॅक नावाचं बोटभर यंत्र हजार रुपयांपासून मिळतं, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यात भागतं. गाण्यांची मोठी यादी आयती भरलेली हवी असेल, तर सारेगामाचा कारवां आहेच, त्यात पाच हजार गाणी असतात आणि बटणं मोठी असतात. आणि साठीच्या पुढचे असाल तर यांतलं काहीही घेण्याआधी कान तपासून घ्या.

कमिटीला दोन विनंत्या. या वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये एक श्रवण तपासणी शिबिर ठेवावं. पहिलं नाव मी आणून देतो, आमच्या शेजाऱ्यांचं. आणि दुसरं, घरात दोघंच राहणाऱ्या प्रत्येकाने एक चावी शेजारी देऊन ठेवावी. पंचवीस वर्षांपूर्वी ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने आम्हाला प्रत्येकी तीन चाव्या दिल्या होत्या. तिसरी कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

वहिनी, तुम्ही मागे बसला आहात. तुमचे आभार मी दोन वर्षांत नीट मानले नव्हते. ते आज सगळ्यांसमोर मानतो.

दूध आटलेलं दिसतंय. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे प्लेअर लावतो. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी यावं. बेल वाजवा, आता ऐकू येते.