चोखोबांच्या समाधीपाशी

माउली, माझी आजी वारीला यायची, पण नामदेव पायरीच्या पुढं नाही. चोखोबांच्या समाधीला डोकं टेकायचं, कळस बघायचा, माघारी फिरायचं. मे १९४७. सानेगुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं. आजी आईचा हात धरून आत गेली. रडली नाही हो, भांडली! "लई वाट बघायला लावलीस रे!"

मी कीर्तनाला उभी राहिले, तर एका गावात गादीच नाकारली. जात कुणी विचारली नाही. म्हणाले, बाईमाणूस नको. मग पारावर बसून हरिपाठ म्हटला. गावातल्या बायका भाकरी थापायच्या सोडून आल्या.

आता नात मृदंग शिकतेय. परवा विचारते, "खापरपणजी बाहेर का थांबायची?" म्हटलं, चल, आधी जागा दाखवते.