दळण यंत्राचे, पारख माणसाची

चित्रपटात समुद्र दुभंगतो, नगरे कोसळतात आणि आपण तोंडात बोट घालतो. ही दृश्ये संगणकावर रचणाऱ्या कलावंतांचे कौतुक होते, ते योग्यच आहे. पण त्यांच्या स्टुडिओत आणखी एक काम अहोरात्र चालू असते. एका प्रकारची चित्रफाइल दुसऱ्या प्रकारात उतरवण्याचे ते काम. आज त्याविषयी थोडे बोलू.

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ. सेकंदाला २४ चित्रे. गुरुजींनी वर्गात हिशेब घालून पाहावा : दोन तासांत १,७२,८०० चित्रे होतात! स्टुडिओत प्रत्येक चित्राची बहुधा वेगळी फाइल ठेवतात. का? तर एक मणी फुटला, तर तेवढाच बदलता यावा. यासाठी ओपन-ईएक्सआर नावाचा प्रकार फार वापरतात. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या अमेरिकन संस्थेने तो २००३ साली सर्वांना खुला केला. सूर्याचे तेज आणि कोपऱ्यातला अंधार, दोन्हींची मापे त्यात टिकतात.

मात्र या फाइली फार जड. दिग्दर्शकाला पाहण्यासाठी हलकी, सलग चालणारी प्रत लागते. बियाणे कणगीत राखायचे आणि खाण्यापुरते दळायचे, तसेच हे. आणि पीठ काही पेरता येत नाही, बरं का! हलक्या प्रतीतून मूळ चित्र पुन्हा मिळत नाही.

हे दळण हाताने करायचे म्हणजे फाइली निवडा, वेग ठरवा, नाव द्या, जपून ठेवा. दहा दृश्यांचे ठीक आहे; शेकडो दृश्यांचे रोज कोण करणार? म्हणून ते यंत्राकडे सोपवतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रोग्राम एका लेखी आज्ञेवर असे रूपांतर करतो. त्याच्याभोवती छोटी आज्ञावली लिहितात. ती आधी चित्रे मोजते. १००१ ते ११०० मध्ये १०४७ क्रमांक नसला, तर थांबून तसे कळवते. सारे असले, तर प्रत तयार करते, तीवर दृश्याचे नाव घालते आणि ठरल्या जागी ठेवते.

पण यंत्र सांगितले तेवढेच ऐकते. एका मिनिटाची १,४४० चित्रे. वेग २४ ऐवजी २५ लिहिला गेला, तर ती ५७.६ सेकंदांतच संपतात. ओठ आणि आवाज यांची फारकत होते. माणूस एका फाइलीत चुकेल, यंत्र रात्रभरात सगळ्याच फाइलींत चुकेल.

रंगाचे तर त्याहून नाजूक. मूळ फाइलीतली मापे पडद्याला साजेशी करून घेतली नाहीत, तर चित्र काळवंडलेले दिसते. दिग्दर्शक म्हणतो, “उजेड वाढवा.” कलावंत बिचारा चांगले चित्र बिघडवून बसतो. दोष प्रतीचा, शिक्षा मूळ चित्राला!

म्हणून जाणते लोक तीन नियम पाळतात. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. आत किती चित्रे गेली आणि बाहेर किती आली, हे ताडून पाहायचे. आणि नवा नियम घातला की पहिली प्रत माणसाने स्वतः डोळ्यांनी पाहायची.

गिरणी विजेवर चालते, तरी गिरणीवाला पीठ चिमटीत घेऊन पाहतोच ना? कष्ट यंत्राला खुशाल द्यावेत; पारख मात्र आपल्याकडेच ठेवावी.