‘आमच्या वेळी’ची मोजपट्टी



‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य घरात कुणी पुरतं ऐकून घेत नाही. ‘आमच्या वेळी सुरमई केवढी असायची’, असं आजोबा म्हणाले की नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. आज मी आजोबांचं वकीलपत्र घेऊन उभा आहे. खटला मात्र जमैकाचा आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर 1950च्या दशकात थॉमस गोरो नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतः पाण्यात उतरून पोवळ्यांची पाहणी सुरू केली. पुढे तिथे डिस्कव्हरी बे इथे सागरी प्रयोगशाळा झाली. त्यामुळे तिथल्या प्रवाळांचा हिशेब चोख आहे. 1970च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळाचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत पोवळ्यांनी झाकलेला होता. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नव्हता. बाकी सगळीकडे शेवाळ. सागरी शास्त्रज्ञ टेरी ह्यूज यांनी ही घसरण 1994 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली.

आरोपी शोधायला लांब जावं लागत नाही. ऑगस्ट 1980 मध्ये अॅलन चक्रीवादळाने पोवळी मोडून काढली. 1983 मध्ये पनामाजवळ एक साथ सुरू झाली आणि वर्षभरात कॅरिबियनमधले लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन शंभरातले नव्वदहून अधिक मेले. झालं, वादळ आणि रोग! पण वादळं जमैकाला काय नवी होती? हजारो वर्षं ती येत होती, पोवळी मोडत होती आणि पुन्हा उगवत होती. या खेपेला का उगवली नाहीत?

मेख शेवाळात आहे. पोवळं सावकाश वाढतं, शेवाळ झपाट्याने. मोडक्या जागेवर आधी कोण बस्तान बसवतो, याची ती शर्यत असते आणि शेवाळावर चरणारं कुणी असेल तरच पोवळ्याचा निभाव लागतो. हे चरण्याचं काम पोपटमासे करत. पण कोळ्यांचे तारजाळीचे पिंजरे लहानमोठं काही सोडत नव्हते. 1960च्या दशकाच्या अखेरीस उत्तर किनाऱ्यावरची मासळी 80 टक्क्यांपर्यंत घटली होती. चरायला उरले सी-अर्चिन. त्यांना खाणारे मासेही पकडले गेल्याने ते भरमसाट वाढले होते. सगळा मांडव एका खांबावर आला आणि रोगाने तोच खांब काढून घेतला. कोळ्यांना दोष देणं सोपं आहे; पोट भरायला दुसरं साधन नसलेल्या माणसाकडून पिंजऱ्याची भोकं मोठी ठेवण्याची अपेक्षा मी तरी करणार नाही.

आजोबांची साक्ष इथून पुढे लागते. शास्त्रज्ञ आले, त्यांनी वैभव पाहिलं आणि तीच मूळ स्थिती धरली. मोठे मासे तर तेव्हाच गेले होते. त्याच किनाऱ्यावर वर्षानुवर्षं काम केलेले शास्त्रज्ञ जेरेमी जॅक्सन मग जुन्या दप्तरांकडे वळले. 1503 साली कोलंबसाला केमन बेटांभोवती इतकी कासवं दिसली की त्याने बेटांना ‘लास तोर्तुगास’, म्हणजे कासवंच, असं नाव दिलं. 1655 मध्ये इंग्रजांनी जमैका घेतल्यावर ही हिरवी कासवं होड्या भरभरून कापण्यासाठी येऊ लागली. अठराव्या शतकाच्या शेवटी केमनचा साठा आटला. शिकारी क्युबाकडे, मग निकाराग्वाकडे सरकले. कॅरिबियन मंक सील शेवटचा खात्रीलायक दिसला तो 1952 साली, सेरानिया बँक या उथळ सागरी पट्ट्यावर. म्हणजे गोरो पाण्यात उतरले तेव्हा जे त्यांना दिसलं, ते लुटून झालेलं घर होतं.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये या विसरण्याच्या रोगाचं निदान केलं: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र प्रमाण मानते, आणि मोजपट्टीच दर पिढीला आखूड होत जाते. संशोधक लोरेन मॅक्लेनाकन यांनी याचा पुरावा शोधला तो फोटोंमध्ये! फ्लोरिडातल्या की वेस्टच्या धक्क्यावर हौशी गळवाले आपली मासळी टांगून फोटो काढत. 1956 ते 2007 या काळात फोटोतल्या माशाचं सरासरी वजन 19.9 किलोंवरून 2.3 किलोंवर आलं. माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र तेवढंच रुंद.

तापमानवाढीचं काय, असं कुणी विचारील. ते संकट मोठंच आहे, पण जमैकातली बरीचशी पडझड त्याआधीच झाली होती. आजारी माणसाला ताप आला, तर तापाआधीचा आजार विसरून कसं चालेल?

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं. ट्रॉलर त्याच्या आधी आले. त्याही आधीचा समुद्र पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे वडिलांच्या रापणीचा फोटो असेल, मासळीच्या लिलावाची जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. आणि फोटोमागे पेन्सिलीने साल, बंदर आणि माशाचं नाव आजोबांना विचारून आजच लिहून घ्या.