दहावीनंतर कुठं? आधी विचारा, मग प्रवेश घ्या



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद.
इथल्या मराठी शाळांतली मुलं एस.एस.एल.सी., म्हणजे दहावी, पास होतात.
आणि घरात प्रश्न पडतो…
आता पुढं कुठं?

एक वाट आपल्याच राज्यातली, कर्नाटकातली.
पी.यू. कॉलेजची दोन वर्षं, म्हणजे अकरावी-बारावी.
कला, वाणिज्य किंवा विज्ञान.
शिकवणं मुख्यतः कन्नड किंवा इंग्रजीतून.
भाषा विषय म्हणून मराठी घेता येते.
पण त्या कॉलेजात मराठीचे शिक्षक आहेत का?
आधी विचारा.

दुसरी वाट महाराष्ट्रातल्या उदगीर, लातूरची.
तिथं कला शाखा मराठीतून शिकता येते.
पण राज्य बदलतं, बोर्डही बदलतं.

आपल्या कल्याण कर्नाटकातल्या मुलांना राज्यघटनेच्या 371 जे कलमानं
पुढच्या शिक्षणात राखीव जागा आहेत.
बाहेर शिकल्यावर त्या हक्काचं काय?
तेही आधी विचारा.

मुलांनो, नवी भाषा सुरुवातीला जड जाईल.
म्हणून तुमची हुशारी कमी ठरत नाही.
सुट्टीतच रोज थोडं कन्नड, थोडं इंग्रजी वाचा.

पालकहो, गावाला बस नाही म्हणून
मुलीचं शिक्षण थांबवू नका.
वसतिगृहाची चौकशी करा.

पुन्हा सांगते…
आधी विचारा, मग प्रवेश घ्या.